हप्ता आमचा, मुदतवाढ बिल्डरची

सदर : घर आणि कागद (सप्टेंबर २०२१)

पूर्वी या सदराकडे येणारे प्रश्न साधे असत. कर्ज कुठून घ्यावे, जुना फ्लॅट घेताना सोसायटीची थकबाकी कशी बघावी, वारसाची नोंद कशी लावावी. मार्च २०२० नंतर पत्रांचा सूरच बदलला. पहिल्या ओळीत ‘सरकारने’ असते आणि शेवटच्या ओळीत ‘आता आम्ही कोणाकडे बघायचे?’. ही रागाची पत्रे आहेत आणि तो राग मला रास्त वाटतो.

नोकरीची बरीच वर्षे मी बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली. त्यामुळे एखादी सवलत जाहीर झाली की बातमीवर न थांबता मी तिचे परिपत्रक शोधते. गेल्या दीड वर्षातली ही परिपत्रके ओळीने वाचली की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्याला घर अजून घ्यायचे होते त्याच्यासाठी सरकारने तिजोरीतला महसूल सोडला. ज्याने घर आधीच घेतले होते आणि ताबा मिळाला नव्हता, त्याला सांगितले, अजून थांबा. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. नावे कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न (वाचक, डोंबिवली) : आम्ही २०१६ च्या अखेरीस कल्याण-शीळ रस्त्यालगत वन बीएचके बुक केला. ३८ लाख भरून झाले. नोंदणी झालेल्या करारात ताबा डिसेंबर २०१९ चा आहे. इमारतीला अजून लिफ्ट नाही, पाण्याचे कनेक्शन नाही. हप्ता २९ हजार, शिवाय राहत्या जागेचे भाडे ११ हजार. मिस्टरांचा पगार कापला गेला तो अजून पूर्ववत झालेला नाही. बिल्डरच्या ऑफिसात गेले की म्हणतात, “ताई, कोविडमुळे सरकारनेच वर्षभर मुदतवाढ दिलीय, आमच्या हातात काय आहे?” मग आमच्या हप्त्याला मुदतवाढ का नाही? आता एका पुरवणी करारावर सही मागत आहेत. त्यात ताबा डिसेंबर २०२२ लिहिलाय.

उत्तर : ताई, आधी एवढे करा : त्या पुरवणी करारावर सही करू नका. कोणी कितीही गोड बोलले तरी नाही. तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे नोंदणी झालेल्या करारातली डिसेंबर २०१९ ही तारीख. नव्या कागदावर सही केलीत की उद्या बिल्डर म्हणेल, नवी तारीख यांनी राजीखुशीने मान्य केली आहे. मग मधल्या तीन वर्षांबद्दल भांडायला तोंड उरत नाही.

आता ती वर्षभराची मुदतवाढ. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने १३ मे २०२० रोजी राज्यांच्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालच्या, प्राधिकरणांना कळवले की कोविडला नैसर्गिक आपत्ती धरून प्रकल्पांची मुदत सहा महिने वाढवावी. महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, १८ मे २०२० ला तसा आदेश काढला. दुसऱ्या लाटेनंतर ६ ऑगस्ट २०२१ ला आणखी सहा महिने दिले. या दोन्हींची बेरीज करून तुम्हाला वर्ष सांगितले जाते. पण आदेशात अट आहे. पहिली मुदतवाढ फक्त त्या प्रकल्पांना, ज्यांच्या पूर्णत्वाची तारीख १५ मार्च २०२० रोजी किंवा त्यानंतर संपत होती. दुसरी, १५ एप्रिल २०२१ रोजी किंवा त्यानंतर संपत असेल तर. डिसेंबर २०१९ मध्ये टाळेबंदी नव्हती. मजूर साइटवर होते, सिमेंट येत होते, सरकारी कार्यालये उघडी होती. तुमचे घर कोविड येण्याआधीच रखडलेले होते.

यावर बिल्डर म्हणेल की महारेराच्या संकेतस्थळावर आमची तारीख वेगळी आहे. असेल. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला, तेव्हा चालू प्रकल्पांची नोंदणी करताना पूर्णत्वाची नवी तारीख बिल्डरने स्वतः लिहायची होती, आणि अनेकांनी ती ऐसपैस लिहिली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ ला नीलकमल रिअल्टर्सच्या खटल्यात हा मुद्दा तपासला आहे. रेराकडे नवी तारीख दिल्याने ग्राहकाशी केलेला करार बदलत नाही, उशीर करारातल्या तारखेपासूनच मोजायचा, असे तो निकाल सांगतो. तक्रार लिहिताना हा मुद्दा पहिल्या पानावर घ्या.

कायद्याचे कलम १८ तुम्हाला दोन वाटा देते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली रक्कम व्याजासह परत. घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर (निधीच्या खर्चावरून ठरणारा बँकेचा किमान कर्जदर) २ टक्के असा ठरतो, म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये ९ टक्क्यांच्या जरा वर. ३८ लाखांवर नुसते ९ टक्के धरले तरी महिन्याला २८,५०० रुपये होतात. तुमच्या हप्त्याएवढेच झाले. मुदतवाढीचे महिने बिल्डर यातून वगळायला लावेल आणि ते वगळले जातील असेच धरून चला. तरीही उरलेल्या महिन्यांची रक्कम लाखांत जाते.

तक्रार ऑनलाइन होते, शुल्क ५ हजार रुपये, आणि कोविडपासून सुनावण्याही व्हिडिओवर होतात. करार, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती, बिल्डरची मागणीपत्रे आणि बँकेने कधी किती रक्कम सोडली त्याचे विवरण, एवढे जोडा. व्हॉट्सअॅपवर ‘दिवाळीत देतो’ वगैरे आश्वासने आली असतील तर त्यांचे स्क्रीनशॉटही जोडा. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. आदेश मिळणे आणि पैसे मिळणे यात अंतर आहे. बिल्डरने पैसे दिले नाहीत तर महारेरा वसुलीचे वॉरंट काढते. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसीलदाराकडे. जमीन महसुलाची थकबाकी वसूल करावी तशी ही वसुली करायची असते. इथेच बहुतेक प्रकरणे रखडतात. आदेश हातात आला की घरी बसू नका, तहसील कार्यालयातला तुमच्या वॉरंटचा आवक क्रमांक काढा आणि त्याचा पाठपुरावा करा. हे काम सरकारने आपणहून करायला हवे. ते होत नाही ही माझी स्वतःची या व्यवस्थेवरची सगळ्यात मोठी तक्रार आहे.

बँकेकडेही एक काम आहे. बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे सोडायचे असतात. कर्जातली काही रक्कम अजून सोडायची शिल्लक असेल तर शाखेला लेखी कळवा की जागेवर पाहणी केल्याशिवाय पुढची रक्कम सोडू नये. लिफ्ट बसलेली नसताना लिफ्टच्या टप्प्याचे पैसे गेले असतील तर तेही लिहून विचारा. हे पत्र आले की शाखेला दखल घ्यावीच लागते, हे मी त्या टेबलामागून पाहिले आहे. आणि ‘फिट-आउट पझेशन’, म्हणजे आतली कामे करून घेण्यापुरता ताबा, म्हणून किल्ली देऊ लागले तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, दाखवा म्हणा. ओसीशिवाय किल्ली घेतली की बिल्डर कागदोपत्री मोकळा होऊ पाहतो आणि मेंटेनन्स तुमच्या गळ्यात पडतो.

हप्त्याला मुदतवाढ का नाही, हा तुमचा खरा प्रश्न. २०२० मध्ये सहा महिन्यांची मिळाली होती, पण व्याजासकट. बिल्डरची मुदतवाढ फुकट आणि तुमची व्याजाने, हा अन्याय आहे आणि त्याला दुसरे नाव नाही. यंदा दुसऱ्या मुदतवाढीच्या वेळी तर कर्जदारांना सरसकट तेवढेही मिळाले नाही. ५ मे २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार वैयक्तिक कर्जदाराला कर्जाची फेररचना मागता येते, पण ३१ मार्च २०२१ ला खाते नियमित असायला हवे आणि बँकेने ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत ती मान्य करायला हवी. पगारकपातीचे पत्र घेऊन याच आठवड्यात शाखेत जा. हप्ता मात्र आपल्या मनाने बंद करू नका. बिल्डर आणि बँक हे दोन वेगळे करार आहेत, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमचेच बिघडते.

प्रश्न (वाचक, नाशिक) : मार्च ते ऑगस्ट २०२० मी सहा हप्ते भरले नाहीत, कारण दुकान बंद होते. टीव्हीवर सांगत होते की व्याजावरचे व्याज सरकार देणार. माझ्या खात्यात आले २,६९० रुपये. आणि कर्ज संपायची तारीख अडीच वर्षांहून पुढे गेली! बँकेने फसवले की सरकारने? कर्ज ४० लाख, त्या वेळचा दर ८ टक्के, २० वर्षे बाकी.

उत्तर : हिशेब बँकेने बरोबर केला आहे. फसवणूक झाली असेल तर ती बातमी ज्या शब्दांत तुमच्यापर्यंत आली त्यात झाली. तुमचेच आकडे घेऊन बघू.

४० लाखांवर ८ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ३३,४५८ रुपये. सहा महिने काहीच भरले नाही तर सरळ व्याज होते १,६०,००० रुपये. चक्रवाढीने तेच होते १,६२,६९०. या दोन आकड्यांतला फरक २,६९० रुपये, आणि केंद्राने २३ ऑक्टोबर २०२० ला जाहीर केलेली सानुग्रह योजना २ कोटींपर्यंतच्या कर्जांना तेवढाच फरक देणारी होती. ज्यांनी हप्ते नियमित भरले त्यांनाही ती रक्कम मिळाली. पुढे २३ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने हप्तास्थगितीच्या, म्हणजे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा होती त्या सहा महिन्यांच्या, काळात कोणाकडूनच चक्रवाढ व्याज घेऊ नये असा निकाल दिला, पण संपूर्ण व्याजमाफी आणि स्थगितीला आणखी मुदत या दोन्ही मागण्या फेटाळल्या. म्हणजे मूळ १,६०,००० तुमच्या डोक्यावर राहिलेच. ते मुद्दलात मिळाले आणि पुढच्या सगळ्या वर्षांत त्यावर व्याज लागत राहणार.

दर आणि हप्ता तोच ठेवला तर आता तुम्हाला २४० ऐवजी २६६ हप्ते भरावे लागतील. तेव्हा न भरलेले सहा हप्ते होते दोन लाखांचे. जास्तीचे २६ हप्ते होतात सुमारे पावणेनऊ लाखांचे. दुकान बंद असताना तुम्हाला दुसरा पर्याय नव्हता, हे मला कळते. पण ज्या सवलतीची किंमत एवढी होती ती देताना बँकांनी प्रत्येक कर्जदाराला हा हिशेब एका कागदावर द्यायला हवा होता, आणि रिझर्व्ह बँकेने त्याची सक्ती करायला हवी होती. एसएमएसला ‘हो’ म्हणून उत्तर पाठवून लोकांनी वीस वर्षांचे ओझे वाढवून घेतले.

आता दुरुस्ती. दुकान सुरू झाले असेल तर ते दीड-पावणेदोन लाख जमतील तसे, तुकड्यातुकड्याने का होईना, मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी रक्कम भरण्यासाठी बँकेला दंड लावता येत नाही. भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असे अर्जावर लिहा, नाहीतर काही शाखा हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात.

दुसरे म्हणजे तुमचा आजचा दर बघा. मार्च २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ५.१५ टक्के होता. २७ मार्चला तो ४.४० झाला आणि २२ मे २०२० पासून सप्टेंबर २०२१ पर्यंत ४ टक्क्यांवर राहिला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेने दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधलेली असतात, त्यामुळे कपात त्यांच्यापर्यंत लवकर पोचते. तुमचे कर्ज त्याआधीचे असेल तर ते जुन्या एमसीएलआरवर किंवा त्याहूनही जुन्या बेस रेटवर अडकलेले असू शकते. गृहवित्त कंपनीचे असेल तर तिला हे बंधनच नाही. किरकोळ शुल्क भरून नव्या पद्धतीवर जाता येते. बँक आपणहून बोलवणार नाही, अर्ज तुम्हालाच द्यावा लागेल.

प्रश्न (वाचक, पुणे) : मुद्रांक शुल्क कमी केले म्हणून सरकारने किती गाजावाजा केला. आम्ही पैसे जमवत राहिलो आणि ३१ मार्चला सवलत संपली. आता त्याच इमारतीत चौरस फुटाचा भाव २५० रुपयांनी वाढलाय. सामान्य माणसाला नेमके काय मिळाले?

उत्तर : ज्यांची रक्कम आणि कर्जमंजुरी ऑगस्ट २०२० मध्ये तयार होती, त्यांना मिळाले. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० शुल्कात ३ टक्क्यांची कपात होती आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ दोन टक्क्यांची. मुंबईत ५ चे २ झाले होते. ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरून करार केला तर नोंदणीला पुढचे चार महिने मिळत होते, त्यामुळे डिसेंबरअखेर नोंदणी कार्यालयांबाहेर साथीच्या दिवसांत लोक दाटीवाटीने उभे होते. ज्याची नोकरी गेली होती किंवा पगार निम्मा झाला होता, तो त्या रांगेत नव्हता. या सवलतीचा आखणीतला दोष इथेच आहे. घरासाठी सगळ्यात जास्त ओढाताण ज्याची होते त्याला ती गाठताच येत नव्हती.

तुमच्या भाववाढीचा हिशेब घ्या. ६० लाखांच्या घरावर ३ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. साडेसातशे चौरस फुटांवर अडीचशे रुपये वाढले तर १ लाख ८७ हजार ५००. सवलत मिळालेल्यांचा फायदा झाला, तुमच्यासारख्या मागून येणाऱ्यांवर त्याहून जास्त बोजा पडला. इंग्लंडमध्ये जुलै २०२० पासून ५ लाख पौंडांपर्यंतच्या घरांना शुल्कमाफी दिली होती. तिथेही मुदत संपायच्या आधी घाई आणि चढे भाव असेच झाले.

पण २०२१ अखेरपर्यंत एक दार उघडे आहे. राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांना बांधकाम परवानगीसाठी भरायच्या अधिमूल्यात, म्हणजे प्रीमियममध्ये, ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ५० टक्के सूट दिली. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तशी शिफारस केली होती. सूट देताना अट घातली की ती घेणाऱ्या प्रकल्पात ग्राहकाचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचे. सेल्स ऑफिसातला मुलगा हे सांगेलच असे नाही, आणि काही ठिकाणी ‘आमची दिवाळी ऑफर’ म्हणूनही सांगतात. प्रकल्पाने ही सूट घेतली आहे का, हे महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, उत्तर तीस दिवसांत देणे त्यांना बंधनकारक आहे. सूट घेतली असेल तर शुल्क तुमच्याकडून मागता येत नाही. आणि करार नोंदण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, रेराचे कलम १३ तेच सांगते.

प्रश्न (वाचक, ठाणे) : मी ७१ वर्षांची आहे. यजमान गेल्यावर एका फ्लॅटच्या भाड्यावर माझे घर चालते. भाडेकरूने एप्रिल २०२० पासून पाच महिने भाडे दिले नाही, म्हणाला सरकारनेच मागू नका म्हटलेय. सोसायटीने माझा मेंटेनन्स मात्र व्याजासह घेतला. सरकारला घरमालक म्हणजे सगळे श्रीमंतच वाटतात का?

उत्तर : आजी, तुमच्यासारखे एका फ्लॅटच्या भाड्यावर जगणारे घरमालक त्या परिपत्रकात कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते, हे खरे आहे. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० ला सांगितले ते एवढेच की भाडे किमान तीन महिने पुढे ढकला आणि थकले म्हणून कोणाला बाहेर काढू नका. भाडे माफ झाल्याचे त्यात कुठेही नाही. पाचही महिन्यांचे भाडे तुमचे येणे आहे.

अमेरिकेत सप्टेंबर २०२० पासून घराबाहेर काढण्यावर केंद्रीय बंदी होती, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती २६ ऑगस्ट २०२१ ला उठवली. पण तिथे थकलेल्या भाड्यासाठी सुमारे ४६ अब्ज डॉलरही मंजूर केले होते. वाटपाला उशीर झाला, तरी पैसे बाजूला तरी काढले. आपल्याकडे भाडेकरूचे दुःख घरमालकाने आपल्या खिशातून हलके करायचे, एवढीच योजना होती.

करार नोंदवलेला आहे ना ते आधी बघा. नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी असते, आणि ती नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरले जाते. मुदत संपूनही तो राहत असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळाची दुप्पट रक्कम मागता येते. तो चांगला माणूस असेल आणि पुढेही राहणार असेल तर थकबाकीचे दहा-बारा हप्ते पाडून दोघांच्या सहीने लिहून घ्या. वकिलाच्या फीपेक्षा ते स्वस्त पडेल.

प्रश्न (वाचक, सांगली) : मुलगी आणि जावई ऑकलंडला असतात. तिथल्या सरकारने कोविड किती छान हाताळला म्हणून आम्हाला कौतुक होते. पण मुलगी म्हणते, आई, घराच्या किमतीने इथे लोक सरकारवर चिडलेत. साथीत माणसे बेकार झाली तर घरे स्वस्त व्हायला नकोत का?

उत्तर : सगळ्यांना तसेच वाटले होते, तिथल्या अनेक अर्थतज्ज्ञांनाही. उलट झाले. न्यूझीलंडच्या रिझर्व्ह बँकेने १६ मार्च २०२० ला मुख्य व्याजदर १ टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणला. १ मे २०२० पासून घरकर्जात स्वतःची किती रक्कम घालावी यावरची बंधनेही काढली. बाजार कोसळू नये हा हेतू. पण पगार ज्यांचे शाबूत होते आणि एखादे घर आधीच नावावर होते, त्यांनी त्याच्या तारणावर स्वस्त कर्ज काढून दुसरे, तिसरे घर घेतले. देशातली मधली किंमत वर्षभरात २० टक्क्यांहून जास्त चढली. तुमच्या मुलीने वर्षभर काटकसरीने बाजूला टाकलेली रक्कम या वाढीपुढे काहीच उरत नाही, म्हणून ती चिडली आहे.

सरकारने पावले उचलली, पण उशिरा. कर्जाची बंधने १ मार्च २०२१ पासून परत आली. फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांनी रिझर्व्ह बँकेला घरांच्या किमतीकडेही लक्ष द्यायला बजावले. २३ मार्चला गुंतवणूकदारांच्या व्याजावरची करवजावट काढून घेण्याचे जाहीर केले, आणि घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागण्याची मुदत पाच वर्षांची दहा केली. मुलीला सांगा, आता भीतीने मिळेल ते घर उचलू नका. पाव टक्क्याचा दर कायम राहणार नाही, आणि तिथली कर्जे बहुधा एक-दोन वर्षांच्या ठरलेल्या दराची असतात. आजचा हप्ता झेपतो म्हणून कर्ज घेऊ नये, दर तीन टक्क्यांनी वाढला तर काय होईल ते आधी मांडून बघावे.

प्रश्न (वाचक, बदलापूर) : आमचा प्रकल्प तीन वर्षे बंद आहे. आमदार, खासदार, मंत्रालय, सगळीकडे निवेदने दिली. फोटो काढतात, चहा देतात. आम्ही ८० कुटुंबे आहोत. आता रस्त्यावर बसावे का?

उत्तर : बसायचे तर जरूर बसा. पण त्याआधी एक काम करा : ८० निवेदने थांबवा आणि एक संस्था करा. बहुसंख्य घरे बुक झाली की तीन महिन्यांत ग्राहकांची संस्था उभी करून देणे रेरा कायद्याने बिल्डरवर बंधनकारक आहे. त्याने ते केले नसेल तर ती पहिली तक्रार. दुसरे, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत संपली आहे का ते बघा. संपली असेल तर कलम ८ नुसार उरलेले काम स्वतः करून घेण्याचा पहिला हक्क तुमच्या संस्थेचा आहे. सुट्या माणसाला तो वापरता येत नाही.

ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांतले ७० टक्के बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात आणि कामाच्या प्रमाणात, अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यावरच काढायचे असतात. ते दाखले आणि त्या खात्याचा हिशेब महारेराकडे मागा. तीन वर्षे काम बंद आणि खाते रिकामे असेल तर मंत्र्यांसमोर ठेवायला तुमच्याकडे निवेदनाहून वजनदार कागद असेल. केंद्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये रखडलेल्या प्रकल्पांसाठी २५ हजार कोटींचा ‘स्वामीह’ निधी जाहीर केला. काम थोडक्यात अडले असेल आणि उरलेल्या घरांच्या विक्रीतून पैसे निघण्यासारखे असतील तर प्रकल्प त्यात बसू शकतो. बिल्डरने अर्ज केला आहे का ते त्याला लेखी विचारा.

येत्या रविवारी ८० पैकी जेवढे जमतील तेवढे बसा. इतिवृत्त लिहा, हजर सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि संस्थेचे पहिले पत्र बिल्डरला आणि महारेराला रजिस्टर एडीने पाठवा. त्याची पोच आली की मला कळवा, तक्रारीचा मसुदा करायला मी मदत करेन.